दुखतं, पण त्रास होत नाही

महिपती चौगुलेचा उजवा खांदा बरा झाला, असं सगळे सांगत होते. एक्स-रे सांगत होता, एमआरआय सांगत होता, कारखान्याचा डॉक्टर तर पाठ थोपटून सांगत होता. खांद्याला मात्र ते पटत नव्हतं.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतणाऱ्या एका कारखान्यात महिपती साचे जोडायचा. एकदा क्रेनच्या साखळीतून एक साचा निसटला आणि त्याच्या खांद्यावर आला. हाड जुळलं, टाके निघाले, हात वर जाऊ लागला. पण आतली आग विझली नाही. शर्टाची बाही घासली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा लागला तरी तो कळवळायचा. अपघातानंतर पहिल्यांदा मुलगी शर्वरी धावत येऊन गळ्यात पडली, तेव्हा तो असा ओरडला की शेजारचे दारात आले. त्यानंतर शर्वरी त्याच्याशी बोलताना हातभर लांब उभी राहायची.

"रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणं," लोक बोलायचे. पुढचं वाक्य कुणी उच्चारायचं नाही. महिपतीला ते ऐकू यायचंच. घरी बसून पगार खायचाय.

त्याची बायको अस्मिता त्याला कामगार पुनर्वसन केंद्रात घेऊन गेली. तिथे नीलोफर बागवान नावाच्या मानसशास्त्रज्ञ जखमी कामगारांचा एक गट चालवायच्या. एका जुन्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात हा गट जमायचा. कुणी खुर्चीवर, कुणी भिंतीला टेकून उभं, कुणी सतरंजीवर आडवं. ज्याला जसं झेपेल तसं. एकच नियम होता. 'खरंच दुखतंय का?' असं इथे कुणी कुणाला विचारायचं नाही.

पहिल्याच दिवशी बागवान मॅडम त्याला म्हणाल्या, "चौगुलेदादा, घरात चोर शिरला म्हणून भोंगा वाजायला लागला. चोर केव्हाच पळाला, पण भोंगा बिघडलाय, तो थांबतच नाही. तुमच्या मज्जातंतूंचं तसं झालंय. चोर दिसत नाही म्हणून भोंगा खोटा ठरत नाही. कान तुमचे फुटतायत, ते खरंच आहे."

महिपती त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा कुणासमोर रडला.

गटात तो हळूहळू शिकत होता. दुखणं वाढायच्या आत थांबायचं. दुखतंय म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही. राग आला की तो खांद्याचा आहे की माणसाचा, हे बघायचं. बायकोला खोटं 'बरं हाय' सांगायचं नाही. फरक पडत होता, पण गोगलगायीच्या पावलानं. एका दुपारी थोडा वेळ पूर्ण बाहीचा शर्ट सोसवला, तर अस्मितानं त्या दिवशी शिरा केला.

आणि मग 'निवांत' आलं.

वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं, तरी त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. वेदनेचे मेंदूत दोन भाग होतात. एक भाग बातमी देतो : कुठे दुखतंय, किती दुखतंय, जळतंय की ठणकतंय. दुसरा भाग त्या बातमीनं हवालदिल होतो : हे वाईट आहे, हे सोसवत नाही, हे थांबवा. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीत, पुढच्या बाजूला, पेशींचा एक वाकडा पट्टा असतो. हवालदिल होण्याचं बरंचसं काम तो करतो. 'निवांत' म्हणजे केसाहून बारीक अशा दोन तारा आणि कानामागे त्वचेखाली बसवलेली चिंचोक्याएवढी चकती. त्या तारा या पट्ट्याला सतत हलके विद्युतस्पंद देत राहायच्या. बातमी येत राहायची, हवालदिल कुणी व्हायचं नाही. शून्य ते दहा अशा पातळ्या होत्या.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. चकती सुरू केल्यावर डॉक्टरांनी महिपतीच्या खांद्यावरून कापूस फिरवला.

"दुखतंय?"

महिपतीनं मान वळवून खांद्याकडे पाहिलं. "दुखतंय," तो म्हणाला, "पण त्रास होत नाही."

बाहेर बसलेली अस्मिता दारातून हे ऐकून हुंदके देऊ लागली.

त्यानंतरचे महिने सणासारखे गेले. महिपती शर्ट इस्त्री करून घालायचा. शर्वरीला त्यानं स्वतःहून जवळ घेतलं. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यातल्या एका संघात ती गोलकीपर होती. तिच्या सामन्यांना तो मैदानाच्या कडेला बसू लागला. कारखान्यानं त्याला परत घेतलं, आणि तेही ओतकामाच्या विभागाचा सुपरवायझर म्हणून. साचे आता यंत्रहात उचलायचे, माणसांनी त्यांच्यावर नजर ठेवायची. बागवान मॅडमच्या गटात जाणं त्यानं बंद केलं. बाकीच्यांनीही केलं. चित्रकलेच्या वर्गात खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

अस्मिताला पहिल्यांदा खटकलं ते तिची आई वारली तेव्हा.

आक्का म्हणजे महिपतीची सासू. अपघातानंतर त्याचा उजवा हात बांधलेला असताना ती कागलहून येऊन राहिली होती. भाकरी दुधात कुस्करून तिनं जावयाला स्वतःच्या हातानं भरवली होती, आणि तो लाजला की म्हणायची, "जावई कुठला, माझा ल्योकच हाय." ती गेली तेव्हा महिपतीनं सगळी धावपळ केली. पाहुण्यांना फोन, गाडी, स्मशानातली व्यवस्था, कशात कमी पडला नाही. अस्मिता रडली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवला. स्मशानातून परत येऊन आंघोळ झाल्यावर त्यानं विचारलं, "दुपारी जेवायचं काय केलंय?"

आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. एरवी विचारतो तसंच विचारलं. अस्मितानं त्याच्याकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, पुरुष माणूस हाय, आतल्या आत गिळत असंल.

मग शर्वरीला जिल्ह्याच्या संघातून वगळलं. ती घरी आली ती दप्तर फेकून बापाशेजारी बसली आणि रडत रडत सगळं सांगू लागली : निवड करणारे सर काय म्हणाले, तिच्या जागी कुणाला घेतलं, बाकीच्या पोरी कशा बघत होत्या. महिपतीनं पूर्ण ऐकून घेतलं. "पुढच्या वर्षी घेतील," तो म्हणाला. "हातपाय धू. जेवायला बस."

बोलणं चुकीचं नव्हतं. पण शर्वरीचं रडणं मधेच थांबलं. फोनवर बोलता बोलता पलीकडून लाइन कटली की माणूस थांबतो, तसं. त्यानंतर तिनं बापाला काही सांगणं हळूहळू सोडून दिलं. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय. बरं हाय."

महिपतीला हे दिसत होतं. त्याचं डोकं शाबूत होतं, नजर तर पूर्वीपेक्षा तल्लख झाली होती. मुलगी दुरावतेय, बायको गप्प झालीय, हे त्याला हवामानाच्या अंदाजासारखं कळायचं. पण काळजात काही हलायचं नाही.

कारखान्यात कमल पोवार नावाची बाई साच्यात पोकळी राहावी म्हणून बसवतात ते वाळूचे गाभे करायच्या विभागात होती. एका दुपारी यंत्रहाताच्या भांड्यातून लोखंडाचा रस उसळला आणि त्याचा शिंतोडा तिच्या पायावर आला. तिची किंकाळी पूर्ण शेडमध्ये घुमली. महिपतीनं जे करायचं ते बिनचूक केलं. यंत्र थांबवलं, तिला नळाखाली नेलं, बूट कापून काढला, रुग्णवाहिका बोलावली. ती त्याचं मनगट घट्ट धरून ओरडत होती आणि तो समजावत होता, "पाणी अजून ओतायचं हाय. हलू नका. गाडी निघालीय." रुग्णवाहिका गेटबाहेर पडली तसा तो मागे वळला आणि म्हणाला, "चला, पुढचा साचा घ्या."

कुणीच जागचं हललं नाही. का थांबलात, असं तो विचारू लागला, तेव्हा एकेक जण खाली मान घालून कामाला लागला.

दवाखान्यात तो तिला भेटायला गेला. अशा वेळी जायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. कमलचा पाय पट्ट्यांत गुंडाळलेला होता.

"दादा, तुमी सगळं बराबर केलंसा," ती म्हणाली. "डाक्टर पण म्हणालं, लगेच पाणी घातलं म्हणून पाय वाचला. तुमचं उपकार हाईत. पर खरं सांगू? तुमच्या तोंडाकडं बघून मला भाजल्यापेक्षा जास्त भ्या वाटलं."

महिपतीनं ते वाक्य लक्षात ठेवलं. त्याला ते लागलं नाही, पण महत्त्वाचं वाटलं.

कारखान्याचे व्यवस्थापक इंगळे यांनी अपघाताचं चित्रण पाहिलं. त्यांनी महिपतीला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. "चौगुले, शेडमध्ये सगळे गांगरले होते. एकटे तुम्ही शांत. अशीच माणसं आम्हाला हवीत." मग ते मुद्द्यावर आले. सगळ्या सुपरवायझरना 'निवांत' बसवून द्यायचा कंपनीचा विचार होता. खर्च कंपनीचा.

"पण त्यांना कुठं दुखतंय?" महिपतीनं विचारलं.

"दुखत नाही. पण ताण येतोच की. माणूस घाबरला की चुकतो. येत्या महिन्यात बैठक आहे. तुम्ही स्वतःचा अनुभव सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

महिपतीला नाही म्हणायचं काही कारण सुचलं नाही. तो हो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं हे घरी सांगितलं. अस्मिता मेथी निवडत होती. ती थांबली, ताट बाजूला सारलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, एक विचारू? माझी आई गेली तवा तुमाला काय वाटलं?"

महिपती खोटं बोलत नसे. "काय न्हाय," तो म्हणाला. "वाटायला पायजे हे कळत हुतं."

"आणि शरूचं? तिला संघातनं काढली तवा?"

"तसंच."

अस्मिता खालच्या आवाजात बोलू लागली. "तुमी दुखण्यानं तळमळत हुता तवा मी देवाला सारखी म्हणत हुते, ह्यांचं दुखणं काढ. ते निघालं. पर तवा तुमी चिडायचा, ओरडायचा, आणि मग माझ्याकडं बघून वंगाळ वाटून घ्यायचा. घरात माणूस हुतं. आता तुमी बरं झालासा आणि मी एकटी पडले. पोरगी पण एकटी पडलीय. ती माझ्यापाशी म्हणते, पप्पांना सांगून काय उपेग."

तिचे डोळे वाहत होते. महिपतीनं तिच्याकडे नीट पाहिलं. समोर आपली बायको आहे, ती दुःखात आहे, ते दुःख आपल्यामुळे आहे, हे त्याला लख्ख कळत होतं. आत त्यानं शोध घेतला. तिथे खूप शांत होतं.

"उद्या बागवान मॅडमकडं जाऊ," तो म्हणाला.

चित्रकलेच्या वर्गात आता दुसरं कुणी नव्हतं. बागवान मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. त्या फारशा चकित झाल्या नाहीत.

"ही तक्रार घेऊन येणारं तुमचं पहिलं घर नाही," त्या म्हणाल्या. "पण गंमत बघा, पेशंट कधी येत नाही. बायका येतात, मुलं येतात, एकाची तर म्हातारी आई आली. 'निवांत' ज्याला बसवलंय त्याची तक्रारच नसते."

"असं का होतंय?" अस्मितानं विचारलं.

"तुमच्या मुलीला लहानपणी सुई टोचली तेव्हा तुम्ही डोळे मिटले असतील. सुई तिच्या दंडात गेली, पण कळ तुमच्यात आली. ती कळ मेंदूत उठते कुठे? शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून दिसतंय की आपल्या वेदनेनं जो पट्टा हवालदिल होतो, साधारण तोच पट्टा आपल्या माणसाची वेदना पाहूनही जागा होतो. निसर्गानं दोन वेगळ्या खोल्या बांधल्या नाहीत. एकाच खोलीत दोन्ही कामं चालतात. आपण एका कामासाठी त्या खोलीतला दिवा मंद केला. अजून अभ्यास लहान आहेत. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. पण मला जे दिसतंय ते मी 'निवांत' बनवणाऱ्या कंपनीलाही कळवलंय आणि शासनालाही."

"मग बंद करायचं?" महिपतीनं विचारलं.

"एकदम बंद करू नका. पातळी कमी करत जाऊ. पण खांदा परत पेटणार, चौगुलेदादा. पूर्वीइतका कदाचित नाही, कारण गटात शिकलेलं सगळं परत सुरू करू, आणि यावेळी घरची माणसंही सोबत बसतील. तरी दुखणार. मी खोटं सांगणार नाही." मग त्यांनी त्याला सरळ विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

हाच प्रश्न अवघड होता. महिपती आठव्या पातळीवर होता. त्याला कसलीच उणीव भासत नव्हती. नोकरी होती, झोप होती, बायको-मुलगी समोर होती. जे हरवलंय ते हवंसं वाटण्यासाठी जे लागतं, तेच हरवलं होतं. आणि पलीकडे काय आहे हे त्याला चांगलं आठवत होतं : बाहीचा निखारा, पंख्याचा वारा, उशीत तोंड खुपसून दाबलेलं ओरडणं.

त्याला कमल पोवारचं वाक्य आठवलं. मग त्यानं अस्मिताकडे बघितलं.

"मला काय हवं ते मला सांगता येत न्हाय, मॅडम," तो सावकाश म्हणाला. "आत काय हालतच न्हाय, तर काय सांगू? पर ही आजवर माझ्याशी खोटं बोलली न्हाय. ही म्हणती काहीतरी गेलंय, तर गेलंच असंल. हिच्या शब्दावर करतो. कमी करा."

पुण्याच्या डॉक्टरांना विचारून पातळी टप्प्याटप्प्यानं उतरवली. सहावर खांदा कुरकुरू लागला. पाचवर बाही टोचू लागली. त्यानं दात दाबून धरले, शिकलेला श्वास आठवून आठवून घेतला. काम चालू होतं, पण संध्याकाळी चेहरा काळवंडलेला असायचा. अस्मिताला वाटू लागलं, आपण ह्यांच्यावर भलतंच संकट आणलं.

चारवर उतरवलं तेव्हा अस्मिताही वर्गात होती. बागवान मॅडमनी फोनमधल्या 'निवांत'च्या अ‍ॅपवर आकडा बदलला आणि वाट बघत राहिल्या. महिपतीनं डोळे मिटले. कपाळावर घाम आला.

"काय जाणवतंय?"

"खांदा," तो दातांतून म्हणाला. "जळतोय."

"श्वास सोडा. लांब सोडा. आणखी काही?"

त्यानं श्वास लांब सोडला. मग त्याची हनुवटी थरथरू लागली. त्यानं डोळे उघडले आणि नुकतीच बातमी कळावी तसा म्हणाला, "आक्का गेल्या, मॅडम."

तिच्या आईला जाऊन कितीतरी महिने झाले होते. तिचं रडून झालं होतं, वर्षश्राद्धाची तयारी मनात चालू होती. आणि हा माणूस आत्ता, या क्षणी, लहान मुलासारखा ढसाढसा रडत होता. "मला भरवलं ग तिनं. आणि मी जेवाय काय हाय विचारलं. अस्मे, मी जेवाय काय हाय विचारलं."

अस्मिता उठली. उजवीकडून गेली असती तर खांद्याला धक्का लागला असता. ती फिरून डाव्या बाजूला आली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

कारखान्यातली बैठक आठवड्यानं झाली. इंगळे साहेबांनी महिपतीची ओळख करून दिली, कमलच्या अपघाताचं चित्रण दाखवलं, टाळ्या झाल्या. महिपती उभा राहिला. खांदा रसरसत होता. उभं राहताना तो किंचित वाकडा झाला, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"ज्याचं दुखणं सोसण्यापलीकडं गेलंय त्यानं हे जरूर घ्यावं," तो म्हणाला. "मी घेतलं, म्हणून आज उभा हाय. थोडं अजून चालूच हाय. पण तुमाला दुखत न्हाय. तुमच्या हाताखाली माणसं हाईत. त्यात कुणी भाजलं तर तुमच्या पोटात गोळा आला पायजे. मला आला न्हवता. हे चित्रण बघून साहेब म्हणतात, शांत माणूस. मी बघतो तवा मला कमलताईंचा हात दिसतो. माझं मनगट धरून ती बाई माणूस शोधत हुती. तिथं माणूस न्हवता."

इंगळे साहेब आपल्या पेल्यातलं पाणी बघत राहिले. नंतर एक सुपरवायझर म्हणाला, मला विचार करायला वेळ पाहिजे. दुसरा म्हणाला, मलाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं, सक्ती नको, असं शेवटी ठरलं. दोघांनी घेतलं. बाकीच्यांनी नाही. महिपतीला ओतकामाच्या शेडमधून काढून अवजारांच्या भांडारात बसवलं. तिथे उकाडा कमी होता, मानही कमी होता.

तो आता तिसऱ्या पातळीवर राहतो. त्याखाली जाणं त्याला जमलं नाही, आणि बागवान मॅडमनी त्यासाठी आग्रहही धरला नाही. गट पुन्हा भरू लागला आहे. पायातल्या कळांसाठी कमल पोवारही येते. पहिल्या दिवशी तिनं महिपतीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आता दिसतंय हो तोंड." काही दिवस वाईट जातात. अशा दिवशी तो घरात स्पष्ट सांगतो, आज माझ्याशी कमी बोला, राग खांद्याचा हाय, तुमचा न्हाय.

अशाच एका वाईट दिवशी तो ओसरीवर बनियनवर बसला होता. शर्वरी मैदानावरून आली. गुडघे मातीनं भरलेले, हातमोजे काखेत. ती आत निघाली होती, मग उंबऱ्याशी घुटमळली.

"पप्पा, आज लई दुखतंय?"

"व्हय. आज लई."

"मग ऱ्हाऊ दे. नंतर सांगते."

"न्हाय," महिपती म्हणाला. "आत्ताच सांग."

ती त्याच्या डाव्या बाजूला टेकली आणि सांगू लागली. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण आता दुसऱ्या संघात गेली होती. आज सामन्यात हिच्या हातून चेंडू निसटला, गोल झाला, तेव्हा ती मैत्रीण मोठ्यानं हसली. बाकीच्या नंतर विसरल्या. ती मात्र गेटपर्यंत हसत गेली.

महिपती ऐकत होता. उजवा खांदा धगधगत होता. आणि डावीकडे, बरगड्यांच्या आत, कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. दोन्ही दुखणी एकाच वेळी होत होती, आणि कुठलं कुणाचं हे त्याला नीट ओळखता येत होतं.

"हसली?" त्याचा आवाज घोगरा झाला. "तुझ्याकडं बघून हसली?"

शर्वरीनं मान वर करून बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मग ती मोकळेपणानं रडू लागली.